ब्रह्मकमळ लावा, पण खाली ताटली नको

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षावास चालू होता. विहारातले ग्रंथवाचन आटोपून आम्ही बायका रात्री नऊच्या सुमारास गल्लीत शिरलो, तर आमच्या दारापुढे पोरांचा घोळका. ओट्यावरच्या स्टुलावर माझी कुंडी होती आणि तिच्यातल्या ब्रह्मकमळाच्या चार कळ्या एकाच वेळी उमलत होत्या. पान लावल्याला ते तिसरे वर्ष होते. मी तर आशा सोडली होती. मग कुणी घरी जाते! पाऊस थांबलेला, गल्लीभर वास सुटलेला, आणि बारा वाजेपर्यंत सगळे ओट्यावर. शेजारच्या काकू हळदकुंकवाचे ताट घेऊन आल्या. मी म्हटले, "काकू, बघा, वास घ्या, फोटो काढा, पण पूजा नको." त्या हसल्या, ताट बाजूला ठेवले आणि आमच्यातच बसल्या. माझ्या सहावीतल्या मुलाने एक फूल तोडून, ज्या आजींनी मला पान दिले होते त्यांना नेऊन दिले. त्यांच्याने आता चालवत नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी तो तापाने फणफणला. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणाला, अंग मोडून आले. रक्त तपासले तर डेंग्यू. पाच दिवस दवाखान्यात काढले. त्या पाच दिवसांचे वर्णन करत नाही, ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना सांगायला नको.

गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली. रात्रीचे ब्रह्मकमळ तोडले, त्याचाच हा कोप. माझ्या सख्ख्या नणंदेनेही फोनवर तेच विचारले. आमच्या आशाताई घरी आल्या तेव्हा त्यांनाही कुणीतरी हे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. बॅटरी पेटवून त्यांनी पिंप पाहिले, मोरी पाहिली, फ्रीजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला. मग ओट्यावर येऊन ब्रह्मकमळाची कुंडी उचलली आणि खालच्या ताटलीतले पाणी माझ्याच एका पांढऱ्या वाडग्यात ओतले. "या, सगळ्या जणी बघा."

वाडग्यात पंधरा-वीस अळ्या वळवळत होत्या.

ताटली मीच ठेवली होती. कुंडीतले पाणी ओट्यावर ओघळू नये, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. माझ्या मुलाला चावलेला डास त्याच ताटलीतला होता, असे कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, तो शेजारच्या पिंपातलाही असेल. पण कोप कशाचा होता, हे त्या वाडग्यात दिसत होते.

आशाताईंनी रोप फेकायला सांगितले नाही, मीही फेकले नाही. उलट तेव्हापासून या झाडाविषयी विचारून, वाचून बरीच माहिती घेतली. तीच आज आरोग्याच्या पानावर मांडते आहे, कारण हे रोप आता प्रत्येक वस्तीत, दर चार घरांआड दिसते.

हे कमळही नाही आणि हिमालयातलेही नाही

पहिली गोष्ट म्हणजे आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो एक निवडुंग आहे. काटे नसलेला, लोंबणारा निवडुंग. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ओली जंगले. तिथे तो जमिनीत नाही, मोठ्या झाडांच्या बेचक्यात वाढतो. बेचक्यात कुजलेला पालापाचोळा साठतो, त्यात मुळे धरायची आणि खाली लोंबत राहायचे. झाडाचा तो आधार घेतो, पण बांडगुळासारखा त्याचा रस शोषत नाही.

खरे ब्रह्मकमळ वेगळेच आहे. ते हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, दगडधोंड्यांत उगवते. सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. आपल्याकडच्या हवेत ते जगायचे नाही. दोघांचे नाते इतकेच की कुणीतरी एकाचे नाव दुसऱ्याला दिले आणि नावामागून पुण्य, भाग्य, धनलाभ वगैरे सगळे चालत आले. नर्सरीवाल्यांचे त्यात काही वाईट झाले नाही.

आपणही फार हसायला नको. श्रीलंकेत याच फुलाला कडुपुल म्हणतात आणि ते उमलते तेव्हा नाग येऊन ते बुद्धांना अर्पण करतात, अशी कथा तिथे सांगितली जाते. कथा म्हणून गोड आहे. पण मेक्सिकोचे झाड बुद्धांच्या काळात आशियात कुठून असणार? अमेरिका खंडातली झाडे इकडे आली ती १४९२ नंतर, जहाजांतून. मिरची, बटाटा, टोमॅटो आले तशीच.

याचा एक जवळचा भाऊबंद तुम्ही हातगाडीवर पाहिला असेल, ड्रॅगन फ्रूट. तोही असाच चढणारा-लोंबणारा निवडुंग, रात्रीच फुलणारा. सांगली-सोलापूरकडचे शेतकरी आता त्याच्या बागा लावतात. गुजरातमध्ये २०२१ साली त्याचेही नाव बदलून 'कमलम' ठेवण्यात आले. निवडुंगाला कमळ करण्याची आपल्याला हौसच दिसते.

फूल रात्री का उमलते, यात गूढ काही नाही. त्याच्या मूळ देशात परागीकरण करणारे पाहुणे रात्रीचे. अंधारात त्यांना दिसावे म्हणून फूल पांढरे आणि मोठे, दुरून कळावे म्हणून वास तीव्र. संध्याकाळी आठ-नऊला कळी हलू लागते, मध्यरात्री पूर्ण उमलते, उजाडता उजाडता मान टाकते. तोडले तरी तेवढेच, न तोडले तरी तेवढेच. माझ्या मुलाने ते आजींना नेऊन दिले हे बरेच केले, असे मला आजही वाटते.

औषध म्हणून काय काय सांगतात

हवा शुद्ध करते, रात्री ऑक्सिजन सोडते, असे मोबाइलवर फिरत असते. निवडुंग पाणी वाचवण्यासाठी पानावरची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतात आणि तेव्हा कार्बन डाय-ऑक्साइड आत घेतात, हे खरे. पण ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. आणि एका डब्यातल्या रोपाने खोलीतली हवा बदलत नाही. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत रोपे ठेवून काही वायू कमी होतात का ते पाहिले. तेव्हापासून ही गोष्ट पसरली. पण आपण बंद पेटीत राहत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. खिडकी-दाराने होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची तर प्रत्येक चौरस मीटर जमिनीमागे निदान दहा आणि कदाचित हजार रोपे लागतील. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत रोपे राहतील, माणसे बाहेर. चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, पलीकडच्याची बिडी, यावर उपाय दार उघडणे, झरोका मोकळा ठेवणे हाच.

दुसरे म्हणजे पानांचा काढा, फुलाचा रस. दमा, मुतखडा, साखर, सगळ्यावर सांगतात. मुतखड्याचे तर पानफुटीवरून इकडे आले असावे, कारण दोन्ही पानावरून लागतात आणि लोक गल्लत करतात. ब्रह्मकमळ विषारी झाड म्हणून ओळखले जात नाही, तेव्हा लेकराने पान चावले तर घाबरून जाऊ नका. पण म्हणून ते औषध ठरत नाही. साखरेची, दम्याची गोळी बंद करून त्याचा रस घेणे म्हणजे जिवाशी खेळ.

विषाची काळजी घ्यायची ती दुसऱ्याच झाडांची. दारात काटेरी देठाचे, लाल छोट्या फुलांचे एक रोप अनेक जण लावतात आणि त्याला निवडुंगच म्हणतात. ते किंवा शेर, त्रिधारी निवडुंग मोडला की पांढरे दूध निघते. ते दूध डोळ्यात गेले तर भयंकर आग होते, नजरेलाही इजा होऊ शकते. असे झाले तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचा आणि तसेच दवाखाना गाठायचा. ब्रह्मकमळात असे दूध नसते, काटेही नसतात. रांगती पोरे असलेल्या घरात म्हणूनच मला ते जास्त सोयीचे वाटते. फक्त वासाने ज्यांचे डोके चढते त्यांनी फुललेल्या रात्री डबा बाहेर ठेवावा.

मग लावायचे कशाला? मला विचाराल तर त्या एका रात्रीसाठी. शिवाय पान फुकट मिळते, जागा लागत नाही आणि दोन दिवस गावी गेलात तरी मरत नाही.

लावायचे कसे

पान म्हणतो ते खरे तर चपटे झालेले खोड असते. त्याच्या कडेला ज्या खाचा दिसतात, त्यांतूनच नवी पाने आणि कळ्या फुटतात. कोवळे लुसलुशीत पान घेऊ नका. जून, गर्द हिरवे, वीतभर लांबीचे घ्या. कापल्या कापल्या मातीत खुपसू नका, इथेच बहुतेकांचे पान कुजते. सावलीत, कोरड्या जागी पाच-सात दिवस नुसते ठेवून द्या. कापलेल्या जागी खपली धरली पाहिजे, आपल्या जखमेवर धरते तशी. मग ज्या बाजूने कापले तीच बाजू खाली ठेवून दोन-तीन बोटे मातीत रोवा. उलटे लावले तर महिनोन् महिने तसेच बसते. आमच्या आजी म्हणूनच पान देताना खालच्या टोकाला दोरा बांधून देतात.

माती निव्वळ काळी नको, ती पाणी धरून ठेवते. झाडाच्या बेचक्यातला पाचोळा आठवा, तसे भुसभुशीत हवे. एक वाटा माती, एक वाटा वाळू किंवा विटांचा चुरा, एक वाटा नारळाच्या शेंड्या बारीक करून किंवा कुजलेला पाला. कुंडी विकत आणू नका. तेलाचा पाच लिटरचा कॅन वरून कापला की झाले. औषध फवारणीचा किंवा ॲसिडचा कॅन मात्र घेऊ नका. तळाला तापलेल्या सळईने पाच-सहा भोके पाडा, वरच्या काठाला समोरासमोर चार भोके पाडून तार ओवा. लोंबणारे झाड आहे, टांगलेले असले की त्याला बरे आणि तुमचा ओटाही मोकळा. खिळा भिंतीत पक्का ठोका. पाणी घातल्यावर डबा जड होतो आणि खालून लेकरे पळत असतात. विजेच्या वायरीला किंवा मीटरच्या पेटीजवळ कदापि टांगू नका.

जागा अशी की सकाळचे कोवळे ऊन मिळेल, दुपारचे नाही. भर उन्हात पाने पिवळी, तांबूस पडतात. पत्र्याला लागून टांगले तर उन्हाळ्यात भाजून निघते, म्हणून पत्र्यापासून हातभर खाली. अगदी अंधाऱ्या खोलीत झाड जगेल, पण फुलणार नाही.

तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. पान हलक्या हाताने ओढून पाहा, अडले की समजा लागले. पुढे माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाली की मगच पाणी. पावसाळ्यात सर लागत असेल तर वेगळे पाणी घालायचेच नाही, थंडीत तर दहा-बारा दिवसांनी घातले तरी चालते. हे झाड पाण्यावाचून मरण्यापेक्षा पाण्याने जास्त मरते.

खत म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर दोन मुठी चांगले कुजलेले शेणखत पुरते. चहाचा चोथा घालायचा तर धुऊन, नाहीतर साखरेला मुंग्या येतात. फार खत घातले तर पानेच पाने, कळी नाही. पानांच्या सांध्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून पुसून काढा. डबा लहान वाटला तरी लगेच बदलू नका, मुळे जरा दाटीत असली की फुलते चांगले. आपल्याकडे जून ते ऑक्टोबरदरम्यान कळ्या येतात. कळी धरली की डबा हलवाहलव करू नका, कळ्या गळतात. खाली लोंबणाऱ्या कळीने मान वर उचलली आणि ती फुगली, की त्या रात्री झोपायला उशीर होणार.

पहिले फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात. काहींचे दुसऱ्याच वर्षी येते, माझे तिसऱ्या.

आता ताटलीचे

डबा टांगलेला आहे, पाणी घातले की खालून गळणार, गल्लीतल्या माणसाच्या डोक्यावर पडणार, भांडण होणार. म्हणून आपण ताटली ठेवतो. त्यावर मी केलेला उपाय अगदी साधा आहे. पाणी घालायचे त्या दिवशी डबा काढून मोरीत नेते, तिथेच पाणी घालते, पंधरा-वीस मिनिटे निथळू देते आणि मग परत टांगते. आठवड्याचा एकच फेरा. ज्यांच्या डब्यावर कळ्या आहेत त्यांनी तेवढे दिवस तो जागीच ठेवून खाली बादली धरावी आणि गळायचे थांबले की ती लगेच रिकामी करावी.

डेंग्यूचा डास गटारातल्या घाण पाण्यात नाही, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. झाकणभर पाणीही त्याला पुरते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला. ती अंडी सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. त्यामुळे पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही, कड काथ्याने खसखसून घासावी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे सांगतात. आमच्याकडे रविवार ठरला आहे. पिंप रिकामे करून घासायचे, फ्रीजमागचा ट्रे, कूलर, मनी प्लॅंटची बाटली, कोंबड्यांचे भांडे, पत्र्यावर टाकलेले जुने टायर, सगळे.

नळाला एक दिवसाआड पाणी येते तिथे पिंप रोज रिकामे ठेवा असे सांगणे सोपे आहे. पाणी साठवणे हा घरातल्या बाईचा दोष नाही. जोवर रोज पाणी येत नाही तोवर पिंपावर घट्ट झाकण, झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर दोरीने आवळून, एवढे तरी आपल्या हातात आहे. पाण्याची मागणी वस्तीने मिळून लावून धरायची ती वेगळी.

हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. रात्री अगरबत्ती लावून निश्चिंत झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दुपारी झोपवलेल्या बाळाला मच्छरदाणी हवीच.

आणि ताप आलाच, सोबत डोके, डोळ्यांमागे, सांधे दुखत असतील तर रक्त तपासा. तापाला पॅरासिटामॉल तेवढी, तीही डॉक्टर किंवा आशाताई सांगतील त्या मापाने. दुकानातून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा अंगदुखीची कुठलीही 'मिक्स' गोळी घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, पेज, ओआरएस भरपूर. पपईच्या पानांचा रस आणि शेळीचे दूध यांच्या नादात दवाखाना लांबवू नका. सगळ्यात फसवा भाग असा की खरा धोका ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोर बरे झाले म्हणून आपण कामाला जातो आणि तेव्हाच पोटात जोरात दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, लेकरू सुस्त किंवा चिडचिडे होते. यातले एकही दिसले तर रात्र असो की दिवस, थांबायचे नाही. माझ्या मुलाच्या पोटात दुखू लागले ते ताप उतरल्यावर, पाचव्या दिवशी. आशाताईंनी आधी बजावले नसते तर मी ओवा देऊन झोपवले असते.

तो आता नववीत आहे. रविवारी पिंप घासायचे काम त्याचे.

गेल्या वर्षी आशाताईंनी माझ्याकडून ब्रह्मकमळाचे पान नेले. मी खालच्या टोकाला दोरा बांधून दिला. त्यांनी खिडकीच्या गजाला कॅन टांगला आहे, खाली ताटली नाही. अजून फूल नाही, पण दोन हात पाने फुटली आहेत. परवा भेटल्या तर म्हणाल्या, कळी दिसली की पहिला फोन तुम्हालाच.